कापडाचं कपाट

दुपारी अडीचला अशोक चौकातली वीज गेली
की शेजारचे माग एकदम गप्प होतात,
आणि मग ऐकू येतं
गाजूलांच्या पडवीत सहाजणींचं
दोरा दातानं तोडणं.

ठरलं होतं असं :
प्रत्येकीनं एक चौकोन, बारा इंच बाय बारा.
मधे आडवी तपकिरी पट्टी, ती फळी.
फळीवर पुस्तकं, पाठमोरी उभी.
कल्पना माझी.
"म्हणजे पुस्तकं पांघरून झोपायचं म्हणा की ओ बाई,"
शमशाद म्हणाली, आणि सुई ओवली.

कापडाला इथं काय तोटा?
टॉवेलच्या किनारी किलोवर मिळतात,
चादरीवरच्या मोराचं अर्धं शेपूट,
मापात न बसलेला एखादा लाल काठ.
मी ते मांडीवर घेऊन
जाडी बघते, उंची बघते.
बत्तीस वर्षं वाचनालयात काढली,
बोटांची सवय जात नाही.

गुरुबाई हत्तुरेंची सगळी पुस्तकं लठ्ठ.
आत कापूस कोंबलाय.
"बारीक पुस्तकात असतंय तरी काय?"
शमशादची फळी उजवीकडून भरत आली,
काळ्या मखमलीची दोन आधी,
मग पोराच्या शाळेच्या शर्टाचं निळं.
श्रावणीनं बारावीचं जाडजूड शिवलं
आणि त्यावर मुद्दाम
एक आळशी मांजर बसवली.

बालामणीला अक्षर येत नाही.
चार दिवस तिचा चौकोन रिकामाच,
नुसती फळी.
पाचव्या दिवशी तिनं एकच पुस्तक उभं केलं,
अंगठ्याएवढं, विटकरी.
"विडी कारखान्याचं," ती म्हणाली.
"रोजचा हजाराचा आकडा त्यात.
छाट किती काढली, तेबी त्यात.
माझ्या नावाचं दुसरं पुस्तकच नाही कुठलं."
कुणी काही बोललं नाही.
गुरुबाईंनी शेंगाचटणीचा डबा पुढं सरकवला.

माझ्या चौकोनात मी एक फट ठेवली होती.
शेजारचं पुस्तक तिच्यात कललेलं,
मागचं अस्तर दिसत होतं.
बालामणीनं बोट घातलं :
"हितं भोक राहिलंय."
"राहिलं नाही. कुणीतरी घेऊन गेलंय,
परत आणलं नाही."
"कवा?"
"एकोणनव्वद साली."
एवढ्या हसल्या, एवढ्या हसल्या,
की शमशादचा दोरा गुंतला.

वाचनालय रद्दीत गेलं तो दिवस
मी त्यांना सांगितला नाही.
टेंपो, सुतळी, दारातला वजनकाटा.
नोंदवही मात्र मी पिशवीत घालून आणली,
ज्यांनी पुस्तकं परत केली नाहीत त्यांची.
आता वाटतं, ती माणसं बरी.
तेवढी तरी कुठंतरी कुणाच्या घरात असतील.

मंगळवारी आले तर माझी फट बुजलेली.
पिवळी पट्टी, जरा मोठीच,
फुगून वर आलेली,
तिच्यावर हिरव्या दोऱ्यानं चार अक्षरं,
विडीच्या बंडलावरच्या कागदावरून
एकेक मोजून उतरवलेली.
उलटी. डोकं खाली, पाय वर.

आयुष्यभर मी फळीवरची उलटी पुस्तकं
जाता-येता सुलटी केली.
माणूस समोर बोलत असताना सुद्धा.
हात पुढं गेला माझा,
आणि पट्टीवरनं नुसता फिरून परत आला.
टाका घट्ट होता.
"बरोबर लिहिलंय न्हवं?" बालामणी.
"एकदम बरोबर."
श्रावणीनं माझ्याकडं बघितलं,
मग आपल्या मांजरीकडं.

तेवढ्यात वीज आली, माग सुरू झाले,
पुढचं कुणाचंच कुणाला ऐकू आलं नाही.

अजून बावीस चौकोन राहिलेत.
थंडीपर्यंत होईल, म्हणतात.
सोलापुरात. थंडी.